मिसरीचे पैसे

आक्का, आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून कळत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. पाचवी दुसऱ्या गावात होती, तिथं मुलीला कोण पाठवणार? तेव्हापासून पेन हातात आला तो सहीपुरताच. आता लिहायला बसले तर ओळ वर चढते, मग घसरत खाली येते. तुम्ही तर शाळेची पायरीही चढला नव्हता, तरी हा कागद बघून बोलल्याशिवाय राहिला नसता. "सुमे, कोंबडी नाचली का गं ह्याच्यावर?"

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. घरचे सगळे हळद काढायला रानात गेलेत. मी डोकं दुखतंय असं सांगून मागं राहिले. डोकं दुखत नाही. तुमच्याशी बोलायचं होतं, आणि चार माणसांत मला बोलता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही या घरातल्या थोरल्या जाऊ होता. आठ दिवस मी कुणाशी शब्द बोलले नाही. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "मुकी पोरगी गळ्यात बांधली का काय आमच्या?" मला ऐकू आलं, तरी मी बोलले नाही. त्यातच माझी दाढ सुजली. पदर गालाला लावून मी भाकरी थापत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तुम्ही माझा हात धरून न्हाणीच्या मागं नेलंत. कमरेची चंची सोडलीत, डबी उघडलीत.

"लाव. किडा मरतो ह्यानं."

मी ती काळी पूड बोटावर घेतली आणि दाढेवर चोळली. डोकं गरगरलं, भिंत धरून खाली बसले आणि भडाभडा ओकले. तुम्ही माझी पाठ चोळत होतात आणि हसतही होतात. "पहिल्या बारीला समद्यांनाच व्हतं. मी तर चुलीत पडता पडता राहिले." दाढ मात्र बधिर झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलवायच्या आधीच मी न्हाणीमागं जाऊन उभी होते.

मग ते रोजचंच झालं. सकाळी चूल पेटायच्या आधी दोघी भिंतीला पाठ लावून बसायचो, तोंडात बोट, बोटावर पदर. जमेल तेव्हा तुम्ही बाजारातून तंबाखू आणायचात, परसात जुन्या तव्यावर काळी होईस्तोवर भाजायचात. सगळी गल्ली ठसकायची. सासूबाई ओरडायच्या, "मारती का आमाला?" आणि संध्याकाळी स्वतःची रिकामी डबी घेऊन तुमच्याकडेच यायच्या. सासूपुढं तोंड उघडं ठेवायचं नाही, हसायचं नाही अशी रीत. पण मिसरी लावणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, तिला कुणी हाक मारत नाही. घरात तेवढाच वेळ आपला होता. मी तिथंच बोलायला शिकले. पोटातलं पहिलं लेकरू हालत नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, तेही तिथंच. तुम्ही तोंड धुतलंसुद्धा नाही, तशाच मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंत. लेकरू गेलं. मी राहिले.

म्हणून आक्का, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली ती आता लिहिते. तुम्ही मला मिसरी लावायला शिकवलंत याचा मला राग आला नाही. कधीच नाही. तुम्ही मात्र शेवटपर्यंत तोच हिशोब मनात धरून बसला होता.

परवाच्या साली उन्हाळ्यात तुमच्या गालाला आतून एक छाला झाला. तिखट झोंबायचं, म्हणून तुम्ही भाजीत पाणी घालून खायला लागलात. आणि छाला बरा व्हावा म्हणून तुम्ही त्याच्यावरच मिसरी दाबून ठेवायचात. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दाढेला लागू पडते ती छाल्याला का पडणार नाही? घटकाभर ठणका थांबायचा. तेवढ्यावर सगळा पावसाळा काढलात.

मग उपकेंद्रावर नवीन सिस्टर आली. तिशीच्या पुढच्या सगळ्या बायामाणसांचं बीपी, शुगर आणि तोंड तपासायचं होतं. आशाताई घरोघरी फिरून आपली वरात घेऊन गेली. तुमच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सिस्टर, ह्या माह्या जावेचं आधी मोजा. ही बोलत न्हाई, समदं आत दाबून ठिवती. हिचा तर काटाच तुटंल." सगळ्या हसल्या. तुमचंच वाढलेलं निघालं. सिस्टरनं गोळी रोज घ्यायला सांगितली, आणि मीठ कमी. मग बॅटरी घेऊन म्हणाली, "मावशी, आ करा."

"अगं बाई, सासरी आल्यापासून एवढा आ कुणापुढंच केला न्हाई."

बॅटरी बराच वेळ तुमच्या गालाच्या आत थांबली. सिस्टरनं विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"उन्हाळ्यापासून. बरं व्हत आलंय."

"काय लावता?"

"मिसरी."

त्या पोरीनं बॅटरी बंद केली. मग हळूच म्हणाली, "मावशी, ज्यानं झालंय तेच त्याच्यावर लावताय. नांदेडला जा. या आठवड्यातच जा."

वाटेनं तुमचं तोंड थांबलं नाही. "कालची पोरगी, मला शिकवून राहिली. माही आजी म्हातारी होऊन मेली, तवर मिसरी लावायची. तिला काहून न्हाई झालं?" मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं. चालू ट्रकापुढून शंभर माणसं पळतात, सगळीच काही खाली सापडत नाहीत, म्हणून ट्रकापुढून पळायचं का? वारंग्याच्या फाट्यावर रोज हायवे ओलांडणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण त्या दिवशी मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी बोलले नसते.

दिवाळी झाल्यावर गळ्याला गाठ हाताला लागली तेव्हा तुम्ही नांदेडला गेलात. तुमची लेक रेखा सासरहून आली, ती तुमच्याबरोबर गेली. तुकडा काढला, तपासला. परत आलात त्या दिवशी मी भाकर-पाणी घेऊन दारात उभी होते. तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही. ओट्यावर उभ्या राहून गल्लीतल्या बायांना हाका मारल्यात.

"या गं समद्या. तीन बोटं उभी धरा आन् तोंडात घाला. डॉक्टरनं दावलंय. जिची जाणार न्हाईत तिचं तोंड बिघडलंय."

पदर सारून एकेक बाई ओट्यापुढं उभी, तोंडात तीन बोटं! रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. गोदामाय, आपल्या चुलत सासू, म्हणाल्या, "हिला नांदेडात येड लागलं का?" तरी त्यांनीही बोटं घातली. त्यांची तीनही गेली, दात नव्हतेच ना. सगळ्या हसत होत्या. मी मागं उभी होते. तुम्ही मला पुढं ओढलंत. माझी दोनच गेली. तिसऱ्याला जबडा उघडेना.

तेव्हा तुम्ही जे बघितलंत माझ्याकडे, ते मी विसरणार नाही. स्वतःला कॅन्सर झाल्याचं सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझी दोन बोटं बघून आलं.

तुमच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं, तेव्हा तुम्ही मला बरोबर घेतलंत, सोबत म्हणून. मला वाटलं खरंच सोबत. आत गेल्यावर तुम्ही मला पुढं ढकललंत. "साहेब, माह्या आधी हिचं बघा." परका पुरुष समोर, मी पदर दातांत घट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, "ताई, घाबरू नका." मी हालले नाही. तुम्ही पदर माझ्या तोंडातून उपटून काढलात आणि म्हणालात, "लाज मेल्यावर धर." सगळा दवाखाना ऐकत होता. आजही ते आठवलं की कान तापतात, आणि हसूही येतं.

माझ्या गालाला आत पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा बाहेर तपासायला द्यावा लागला. तो अहवाल आणायला पुन्हा एक चक्कर झाली. "अजून कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही मिसरी सोडली नाही तर मी हेच पुन्हा म्हणेन असं सांगता येत नाही. आज सोडा. तोंड उघडायचा व्यायाम करा. दर तीन महिन्यांनी दाखवा." तपासणीचे, औषधाचे, गाडीभाड्याचे मिळून दीड हजार झाले. माझ्याकडे काही नव्हतं आणि घरी मागायची सोय नव्हती, कारण घरी सांगितलंच नव्हतं. तुम्ही चंचीतून काढून दिलेत. तुमच्या हळदीच्या मजुरीचे होते.

येताना वारंग्याच्या फाट्यावर उतरलो. पुढची गाडी येईस्तोवर चहा घेतला. तुम्ही बशीत ओतून, थंड करून, एका बाजूनं पीत होता. मी म्हणाले, "आक्का, माझी शेळी विकून पैसे देते."

"शेळीचे घेणार न्हाई."

"मग मजुरीचे देते."

"ते बी न्हाई. तुला तंबाखूची पुडी कितीची लागती?"

"दहाची. तीन दिवस जाती."

"तेच घेणार. पुडी न्हाई आणली की ते दहा मला आणून द्यायचे. दुसऱ्या पैशाला हात लावणार न्हाई. दिले तर ह्याच फाट्यावर फेकून दीन, ट्रकवाले गोळा करतील."

मी मनात आकडा लावला. "आक्का, लई दिवस लागतील."

"लागू दे."

"आन् तवर तुमी..." मला पुढं म्हणता आलं नाही.

"तवर मी मेले तर? मग चटचट फेड की. मेलेल्या बाईचं देणं डोक्यावर घिऊन फिरती का?" आणि बशी खाली ठेवून, रस्त्याकडे बघत म्हणालात, "मी घातली तुह्या तोंडात. मीच काढणार."

पहिले पंधरा दिवस मला वाटलं की मीच आधी जाते. डोकं ठणकायचं, लेकरांवर उगाच ओरडायचे. सांगायची लाज वाटते, पण सकाळी पोटही साफ होईना. इतक्या वर्षांत पोटालाही मिसरीची सवय लागलेली. तुम्ही गरम पाणी प्यायला लावलंत, हातावर बडीशेप ठेवलीत. मी रडत म्हणाले, "आक्का, मिसरी न्हाई तर न्हाणीमागं बसून करायचं काय?" तुम्ही म्हणालात, "न्हाणी पळून चालली का कुठं? रिकाम्या तोंडानं बस." आणि आपण तशाच बसलो. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. बोट कुठं ठेवावं कळेना. मग बोलणं सुरू झालं आणि बोटाचा विसर पडला.

दर तीन दिवसांनी मी नोट घेऊन यायचे. तुम्ही आधी म्हणायचात, "दात दाव." मग नाक जवळ आणून वास घ्यायचात, जशी गाय वासराला हुंगते. मगच नोट चंचीत. तंबाखूचा वास जावा म्हणून ती चंची तुम्ही तीनदा उकळत्या पाण्यात धुतली होतीत. एकदा मी माहेरी गेले. आईनं सवयीनं डबी पुढं केली आणि मी एकदाच बोट लावलं. परत आल्यावर नोट दिली. तुम्ही वास घेतलात आणि नोट माझ्या पदरात टाकलीत. "ही खोटी हाय. घिऊन जा." बाकी काही बोलला नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या मधल्या दिवसांत तुमचं काय काय झालं! अर्धा जबडा काढला. छातीचं कातडं गालाला लावलं. मग रेडिएशनचा शेक घ्यायला संभाजीनगरला महिन्यापेक्षा जास्त राहिलात. त्या शेकानं तोंड आतून सोलून निघालं, थुंकी आटली. शब्द नीट निघत नव्हते. अनोळखी माणसाला तुमचं बोलणं कळायचं नाही, मला सगळं कळायचं. मी ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज करून आणायचे, तुम्ही चमच्यानं घ्यायचात, अर्धी हनुवटीवरून ओघळायची. मी पुसायला लागले की हात झटकायचात. "कंटाळली न्हाई का?" एकदा तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "न्हाई." तुम्ही म्हणालात, "मी कंटाळले गं." आणि लगेच, "आज नोट आणायची होती ना? दात दाव."

आक्का, आपलं एक भांडण अर्धं राहिलं. संक्रांतीनंतरचं.

गाठ गळ्याला परत आली होती. डॉक्टरांनी आता दुखण्यापुरतं औषध दिलं होतं. दुपारची वेळ, घरात आपण दोघीच. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "एकदा तव्यावर भाज. लावणार न्हाई. नुसता वास घिऊ दे."

मी दुकानापर्यंत गेले. दहाची नोट हातात होती. दुकानदारानं न विचारताच पुडी पुढं केली, त्याला माझी जुनी सवय माहीत होती. मी ती उचलली नाही. परत आले आणि तुम्हाला म्हणाले, "मिळाली न्हाई." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पुडी मिळत नाही असं दुकान आपल्या गावात नाही, हे तुम्हाला कळत होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत, ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाहीत.

तुमच्या काळजीनं आणली नाही, असं मी म्हणणार नाही. तव्यावरचा वास आला असता तर मीच त्यात बोट घातलं असतं, याची मला भीती होती. हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मरणाऱ्या माणसाला नुसता वास द्यायला काय झालं होतं, असं एक मन म्हणतं. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? "बरं केलंस" म्हणाला असता, की "एवढंसं बी केलं न्हाईस" म्हणाला असता? मी रोज विचारते. दोन्ही उत्तरं तुमच्याच आवाजात येतात.

तुम्ही गेलात तेव्हा फक्त चाळीस रुपये राहिले होते.

मला वाटलं होतं, ते सगळ्यांत सोपे जातील. आक्का, ते सगळ्यांत अवघड गेले. दुःखाला बाया यायच्या, ओळीनं भिंतीला बसायच्या, रडायच्या, तुमच्या आठवणी काढायच्या. आणि रडणं ओसरलं की कुणाच्या तरी कमरेची डबी निघायची आणि या हातातून त्या हातात फिरायची. चार बाया बसल्या की डबी फिरतेच, कुणाला त्यात काही वाटत नाही. ज्या घरातली बाई ह्याच डबीनं गेली त्या घरात, तुमच्या फोटोपुढं, त्याला हार घातलेला असताना. मला राग आला नाही. मला मिसरी पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की तोंडाला पाणी सुटलं. तुम्ही नव्हता, दात दाव म्हणणारं कुणी नव्हतं, आणि रडून रडून अंगात काही उरलं नव्हतं.

डबी गोदामायकडून माझ्या हातात आली. "लाव पोरी. रातध्याड रडून राहिली. डोकं हलकं व्हईल."

मी डबी धरून बसले. उघडीच होती. मग मी झाकण लावलं आणि जोरात म्हणाले. किती जोरात ते मला कळलं नाही, पण सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या.

"न्हाई. मला आक्काचे पैसे द्यायचेत."

गोदामाय म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचे कसले पैसे? आन् मिसरीचा त्याच्याशी काय संबंध?"

मग मी सांगितलं. सगळ्या बायांपुढं, आक्का, मी! नांदेड सांगितलं, माझा पांढरा चट्टा सांगितला, जो मी घरातही कुणाला सांगितला नव्हता, फाट्यावरचा चहा सांगितला, खोटी नोट सांगितली. मधे मधे आवाज जात होता. हे पलीकडे ओट्यावर बसले होते, त्यांनीही ऐकलं. गोदामायनी माझ्या हातातून डबी घेतली आणि कमरेला खोचली. त्यांनी सोडली, असं मी म्हणत नाही. काल पुन्हा त्यांना बोट तोंडात घातलेलं बघितलं. पण बाकी दिवस आपल्या घरात डबी निघाली नाही.

त्या संध्याकाळी ह्यांनी मला विचारलं, "एवढं झालं आन् सांगितलं काहून न्हाई?" मी म्हणाले, "आक्का होत्या." त्यांनी नांदेडचा कागद मागून वाचला. मग म्हणाले, "पुढच्या टायमाला मी येतो." पुढच्या महिन्यात नांदेडला तोंड दाखवायचं आहे. आता तिसरं बोट अर्धं जातं. डॉक्टरांपुढं पदर मी स्वतःच काढीन.

आज सकाळी रेखा सासरी निघाली. पिशवी भरून उंबऱ्यात उभी होती. मी तिच्या हातावर चार नोटा ठेवल्या. मला वाटलं ती नको म्हणेल, मला समजावून सांगावं लागेल. पण ती म्हणाली, "काकू, माय सांगून गेली हाय. म्हणली, सुमीचे चाळीस यायचेत, लाजून देणार न्हाई, तूच मागून घे. मला काही मागायला व्हईना." आणि ती रडायला लागली. मीही रडले. मग तिनं डोळे पुसले, चारही नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि म्हणाली, "फिटले काकू." फाट्याकडे जाणाऱ्या गाडीनं हॉर्न दिला, ती गेली.

पैसे फिटले, आक्का. पूर्ण.